न बोललेले संवाद

दिवाळीच्या सुमारास सोलापूरच्या नव्या पेठेतील एखाद्या कापडदुकानात घटकाभर बसावे. दुकानदार किंमत सांगतो. गृहिणी काही बोलत नाही. पदरावरून एकवार हात फिरवते आणि साडी बाजूला सारते. यजमान त्या हाताकडे पाहतात व म्हणतात, "द्या बांधून." एका संसाराचे सारे बोलणे तेवढ्यात उरकते.

दूरचित्रवाणीच्या मालिकांना एवढे मौन पेलत नाही, अशी माझी तक्रार आहे. सून गप्प राहिली, की कॅमेरा घरातल्या प्रत्येक चेहऱ्यावर धावतो, वाद्ये कडाडतात. शिवाय ती आपले मनोगत मोठ्याने ऐकवते ते वेगळेच!

२०१२ साली झी मराठीवर आलेली, सतीश राजवाडे दिग्दर्शित 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' हा सुखद अपवाद. घना आणि राधा यांचे लग्न खोटे, पुढे वेगळे व्हायचे ठरवूनच केलेले. घरच्यांपुढे त्यांचे शब्द फसवे असणार, हे आपल्याला ठाऊक असते. मग खरे शोधायचे कोठे? मुक्ता बर्वे यांच्या नजरेत, स्वप्नील जोशी यांच्या अडखळण्यात. येथले मौन कथानकातूनच उगवते.

रोजची मालिका प्रेक्षक हातातले काम उरकता उरकता नुसत्या कानांनी पाहतो, ही निर्मात्यांची अडचण मला मान्य आहे. पण ताट सरकवल्याच्या आवाजावरून जो घरच्या माणसाचे मन ओळखतो, त्याला वाद्यांचा कडकडाट कशाला हवा?