चित्रपाटी आणि चित्रकाराचा हात

चित्राची समीक्षा करतांना कुंचल्याची समीक्षा करण्याची चाल आपल्याकडे नाहीं, आणि सामान्यतः ती नसावी हेंच योग्य होय. चित्रकारानें कोणत्या केसांचा कुंचला वापरला हा प्रश्न त्याच्या कार्यशाळेंतला; रसिकाला त्याच्याशीं कर्तव्य नसतें. परंतु संगणकावरील चित्रकलेच्या बाबतींत नेमकी उलट स्थिति झालेली दिसते. तिच्याविषयीं जें बोललें आणि लिहिलें जातें त्यांतील मोठा भाग साधनांविषयींचाच असतो. पाटी कोणत्या कंपनीची, लेखणीला दाबाच्या पायऱ्या किती, पडदा किती इंचांचा, याच चर्चेंत बोलणारे गुंतून राहतात, आणि प्रत्यक्ष चित्राविषयीं बोलावयाची वेळ येते तोंपर्यंत ते थकून गेलेले असतात. अशा वेळीं साधनाची चर्चा टाळून समीक्षेला पुढें जातां येत नाहीं. ती चर्चा अधिक विवेकानें करणें एवढाच मार्ग उरतो, आणि प्रस्तुत लेखांत आम्ही तोच पत्करला आहे.

ज्याला ग्राफिक्स टॅब्लेट म्हणतात त्याला आम्ही येथें ‘चित्रपाटी’ म्हणणार आहों. टॅब्लेट या शब्दाचा जुना अर्थ लिहावयाची फळी असाच आहे, आणि ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या पाटी-पेन्सिलीवर अक्षर शिकल्या त्याला याहून निराळ्या शब्दाची गरज नाहीं.

हें साधन दिसतें तितकें नवें नाहीं. अमेरिकेंतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेनें १९६४ सालीं जी पाटी सिद्ध केली ती सुमारें १० इंच लांबरुंद होती, आणि तारांच्या जाळ्याच्या योगानें इंचाला १०० या हिशेबानें सुमारें दहा लक्ष बिंदु ओळखण्याची सोय तींत केलेली होती. तिची लेखणी तारेनें बांधलेली असे. पुढें जपानांत १९८३ सालीं स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीनें त्याच दशकांत बिनतारी लेखणीची पाटी बाजारांत आणली. या लेखणींत विजेरीहि नसते. पाटीखालील तारांमधून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानें लेखणींतील वेटोळें जागृत होतें, आणि तें जो संकेत परत धाडतें त्यावरून टोंक कोठें आहे व त्यावर भार किती आहे हें पाटीला समजतें. आज चीनमधील ह्यूऑन, एक्सपी-पेन इत्यादि कंपन्याहि अशाच पाट्या पुष्कळ कमी किंमतींत विकतात.

म्हणजे चित्रपाटीला रेघ कळत नाहीं. तिला दर सेकंदाला शेंकडों वेळां केवळ एक स्थान आणि एक भार कळतो. रेघ तयार होते ती संगणकांत. कागदावर पेन्सिलीची रेघ टोंकाखालींच जन्मास येते. येथें मात्र हात आणि रेघ यांच्यामध्यें एक दुभाषा उभा आहे. चित्रपाटीची निवड म्हणजे वस्तुतः या दुभाष्याची निवड होय. आणि दुभाष्याचा शब्दसंग्रह किती मोठा आहे हें विचारण्यापेक्षां तो आपलें वाक्य बदलून तर सांगत नाहीं ना, हें विचारणें अधिक शहाणपणाचें.

बाजार मात्र शब्दसंग्रहच मोजीत बसतो. २००९ सालच्या सुमारास दाबाच्या २०४८ पायऱ्या ही मोठी गोष्ट मानली गेली. पुढें त्या ८१९२ झाल्या. आतां १६३८४ पायऱ्यांच्या लेखण्या विकल्या जातात. या आंकड्यांनीं मुलें हरखतात आणि पालक दबून जातात. परंतु थोडा विचार करावा. संगणकावरील सर्वसाधारण चित्रांत तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६ असतात. लेखणीच्या भारावर रंगाची दाटी अवलंबून ठेविली, तर हातानें सोळा हजार प्रकारांनीं दाबलें तरी एका रंगाच्या छटा त्या २५६ च्या पलीकडे जाणार नाहींत. हा आंकडा खोटा नाहीं. तो चित्रकाराच्या उपयोगाचा नाहीं, इतकेंच.

खरा प्रश्न पहिल्या स्पर्शाचा आहे. रेघेचें चैतन्य बहुधा तिच्या आरंभांत आणि शेवटांत असतें. हात टेंकतांना ती कशी उमलते आणि उचलतांना कशी विरते, यावरून चित्रकार ओळखूं येतो. लेखणी अगदीं हलकेंच टेंकली असतां जी पाटी मुकी राहते आणि थोडा भार वाढतांच एकदम जाड रेघ उमटविते, तिच्या पायऱ्या कितीहि असल्या तरी ती हाताचें पहिलें अक्षरच गिळून टाकते. याची परीक्षा कोणालाहि करतां येईल. पाटीवर पट्टी तिरपी ठेवून तिच्या कडेनें अत्यंत सावकाश एक रेघ ओढावी. पट्टी सरळ असूनहि पडद्यावरील रेघ लाटांसारखी हलूं लागली, तर तो कंप हाताचा नसून पाटीचा आहे. नंतर भार न देतां पिसासारखी रेघ ओढून पाहावी. या दोन रेघा विक्रेत्याच्या पत्रकाहून अधिक सत्य सांगतात.

दुसरा प्रश्न आकाराचा. ज्याला २४ इंची पडदा म्हणतात त्याची रुंदी सुमारें २१ इंच असते. ६ इंच रुंदीची लहान पाटी या संपूर्ण पडद्याला जोडली, कीं हाताची प्रत्येक हालचाल साडेतीन पटींनीं वाढून दिसते, आणि अर्थातच हाताचा कंपहि तितकाच वाढतो. १० इंची पाटीवर हीच वाढ सुमारें दुप्पट होते. शिवाय लहान पाटीवर केवळ मनगट फिरतें. लांब वळणाला लागणारा कोंपराचा आणि खांद्याचा झोंक तेथें मावत नाहीं. फार मोठी पाटी घेतली तर मेजावर जागा उरत नाहीं आणि दंड दुखूं लागतो. नवशिक्याला मध्यम आकार बरा असें जें सांगतात त्याच्या मुळाशीं हें साधें गणित आहे.

याच गणितांतील एक भाग बहुतेकांच्या नजरेंतून निसटतो. पाटीच्या लांबीरुंदीचें प्रमाण १६:१० आणि पडद्याचें १६:९ असलें, तर पाटीवर काढलेलें शुद्ध वर्तुळ पडद्यावर आडवें एक-नवमांशानें फुगतें. मुलाला वर्तुळ जमत नाहीं म्हणून घरांतील मंडळी त्याला बोल लावतात, आणि दोष मात्र मांडणीचा असतो. पाटीचा थोडा भाग वगळून दोन्ही प्रमाणें जुळविण्याची सोय तिच्या आज्ञावलींत असते. पाटी घरीं आणल्यावर पहिलें काम तें करावें.

तिसरा प्रश्न पडद्याच्या पाटीचा. साध्या पाटीवर हात खालीं आणि डोळे समोर असतात. म्हणून ज्या पाटींत पडदाच बसविलेला आहे ती निःसंशय श्रेष्ठ, असा समज रूढ आहे. आम्हांस तो पूर्णतः मान्य नाहीं. पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे पाहत नाहीं; हात आणि डोळा यांची अशी फारकत थोड्या आठवड्यांच्या सरावानें अंगवळणी पडते, आणि मान ताठ राहते हा लाभ वेगळाच. पडद्याच्या पाटींत लेखणीचें टोंक आणि खालचें चित्र यांमध्यें कांचेची जाडी येते. स्वस्त पाट्यांत ती इतकी असते कीं तिरपें पाहिलें असतां रेघ टोंकापासून दूर उमटल्यासारखी भासते. ज्याला बारीक रेखाटन दिवसभर करावयाचें आहे त्याला चांगली पडद्याची पाटी खरोखर उपकारक होते. परंतु जो अजून शिकतो आहे त्याच्यासाठीं कित्येक पट किंमत मोजण्यास हें कारण पुरेसें नाहीं.

साधनाची किंमत आणि कृतीचें मोल यांचा संबंध किती शिथिल आहे, हें पाहण्यास इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचें उदाहरण पुरेसें आहे. १९३७ सालीं जन्मलेल्या या चित्रकारानें २००९ मध्यें आयफोनवर आणि २०१० मध्यें आयपॅडवर चित्रें काढण्यास आरंभ केला. २०११ सालीं ईस्ट यॉर्कशायरमधील वोल्डगेट येथील वसंतागमनावर त्यांनीं जी चित्रमाला रचली, तींत ३२ कॅनव्हासांचें मिळून एक तैलचित्र आणि आयपॅडवरील ५१ चित्रें आहेत. २०१२ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत ती प्रदर्शित झाली. आतां त्या वेळच्या आयपॅडला भार मुळींच कळत नसे. ॲपलची भार ओळखणारी लेखणी २०१५ सालची. म्हणजे या क्षेत्रांतील एक अत्यंत गाजलेलें काम ज्या साधनावर झालें, त्याच्या पायऱ्यांचा आंकडा शून्य होता.

या चित्रांचें यश कशांत आहे? एकच रस्ता ऋतु पालटतांना पुनःपुन्हा पाहण्याच्या चिकाटींत तें आहे, आणि प्रकाशाच्या ओळखींत आहे. आयपॅडचा पडदा स्वतःच उजळतो. म्हणून हॉकनींनीं झगझगीत हिरवा, गुलाबी आणि जांभळा रंग निर्भयपणें योजून वसंतांतील उजेड पकडला. परंतु समीक्षकानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हीं चित्रें मोठीं करून छापलीं असतां त्यांतील रेघा आरंभापासून अंतापर्यंत एकाच जाडीच्या आणि निर्विकार वाटतात. पानांचे ठिपके ठसा मारल्यासारखे दिसतात. जेथें हाताला बोलावयाचें होतें आणि साधनाला ऐकूं येत नव्हतें, तेथें चित्र गप्प झालें आहे. भार ओळखणारी लेखणी निरर्थक आहे असें आमचें म्हणणें नाहीं, हें यावरून स्पष्ट होईल. मोठ्या चित्रकारानें साधनाचें व्यंग ओळखलें आणि रेघेचें काम रंगावर सोंपविलें. तें ओळखण्यास डोळा लागतो, आणि तो पाटीबरोबर विकत मिळत नाहीं.

आपल्या अक्षरकलेंतहि याचें प्रत्यंतर मिळतें. देवनागरी अक्षराची जाडी आणि बारीकपणा बोरूच्या तिरप्या छाटणींतून व तो धरण्याच्या कोनांतून येतो. त्यांत भाराला फारसें काम नाहीं. म्हणून चित्रपाटीवर देवनागरी सुलेखन करूं पाहणारानें भाराची सोय बंद करून चपट्या टोंकाचा कुंचला एका ठराविक कोनांत स्थिर करावा. जी लेखणी सर्वांत महाग तीच सर्व कामांना उत्तम, हा भ्रम एवढ्यानेंच दूर व्हावा.

यापुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. चित्रपाटीबरोबर दोन सोयी येतात: एक, केलेलें क्षणांत पुसण्याची, दुसरी, हाताची थरथर काढून रेघ गुळगुळीत करण्याची. पुसण्याला आमचा विरोध नाहीं. आपल्या पूर्वजांचीं मुलें धूळपाटीवर बोट फिरवून अक्षर गिरवीत, आणि तें क्षणोक्षणीं पुसलें जाई. परंतु धूळपाटीवरचें अक्षर पुसल्यावर तें पुन्हा पहिल्यापासून काढावें लागे, आणि त्यांतच कित्त्याचें सामर्थ्य होतें. येथें मात्र तीच रेघ वीस वेळां पुसून एकविसाव्या वेळीं योगायोगानें बरी उतरली कीं ती ठेवून दिली जाते. मुलाला वाटतें रेघ साधली. वस्तुतः ती सांपडली. साधलेली रेघ उद्यां पुन्हा काढतां येते, सांपडलेली येत नाहीं. गुळगुळीत करण्याची सोय तर याहून फसवी आहे. तिच्यायोगें सर्वांच्या रेघा सारख्याच सफाईदार होतात, आणि आज या प्रकारच्या चित्रांतून जो एकसुरीपणा जाणवतो त्याचें एक कारण हेंच असावें असें आम्हांस वाटतें. दुभाषा इतका अदबशीर झाला, कीं बोलणाराचा स्वतःचा आवाजच ऐकूं येईनासा झाला.

एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकलेच्या परीक्षा देणारीं मुलें आमच्या वाचकांच्या घरोघरीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या मनांत आज चित्रपाटीची हौस आहे. ती हौस पुरवूं नये असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. या विद्येंत आज उपजीविकेचाहि मार्ग आहे. मात्र ती पुरवितांना मध्यम आकाराची, बिनपडद्याची, पहिला स्पर्श ऐकणारी साधी पाटी घ्यावी. क्रीटासारखी विनामूल्य मिळणारी आज्ञावली तिला जोडावी. पाटी फार निसरडी वाटली तर वर साधा कागद चिकटवावा, कारण त्याच्यामधूनहि लेखणीचा संकेत पोंचतो, फक्त टोंक लवकर झिजतें. पहिले तीन महिने रेघ गुळगुळीत करण्याची सोय बंद ठेवावी, आणि दिवसांतून एक चित्र तरी कांहींहि न पुसतां पुरें करावयास सांगावें. वस्तुचित्राची कागदी वही त्याबरोबर चालूच असावी.

एवढें केल्यावर मुलाच्या हातीं जी रेघ येईल ती कदाचित् वांकडी असेल. परंतु ती त्याची असेल, आणि पुढें पाटी बदलली, कंपनी बदलली, पायऱ्यांचा आंकडा दुप्पट झाला तरी ती त्याच्याजवळ राहील. चित्रपाटीकडून याहून अधिक मागूं नये, आणि याहून कमींत समाधानहि मानूं नये.