‘इन्व्हेर्नु’ म्हणजे हिवाळा? गोव्यात नाही!

लॅटिनमध्ये हिवाळ्याला ‘हिएम्स’ म्हणतात. आपले हिम, हेमंत, हिवाळा हे त्याचे चुलत भाऊ. ‘हिएम्स’चं विशेषण ‘हिबेर्नुस’, आणि त्यातून आलेला पोर्तुगीज शब्द ‘इन्व्हेर्नु’. कोथरूडला बसून तो वाचला की डिसेंबरातले स्वेटर आठवणार, हे उघड आहे. पण गोव्याबद्दलच्या जुन्या पोर्तुगीज लेखनात ‘इन्व्हेर्नु’ म्हणजे चक्क पावसाळा!

यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये (१८८६) ‘विंटर’ची वेगळी नोंद आहे. ती व्युत्पत्तीत रमत नाही, जुने लेखक शब्द कसा वापरत ते दाखवते. ही तिची ताकद. कारणही सुचवते: भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पाऊस बहुधा हिवाळ्यातच पडतो.

मला हे कारण अपुरं वाटतं. ‘हिएम्स’चा दुसरा अर्थ वादळ. रोमन लोक साधारण नोव्हेंबर ते मार्च समुद्रप्रवास टाळत. आपल्या किनाऱ्यावर तीच वेळ जूनमध्ये येते: समुद्र खवळतो, जहाजं बंदरात थांबतात. म्हणजे खलाशाच्या लेखी थंडी असो वा नसो, समुद्र बंद झाला की ‘इन्व्हेर्नु’ लागला. नोंद पावसापाशी थांबते, समुद्रापर्यंत जात नाही.

हा माझा तर्क आहे. तो जुन्या प्रवासवर्णनांवर तपासायला हवा. पण एक गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेवा: मूळ सांगतं शब्द कुठून आला, अर्थ मात्र वापरातच शोधावा लागतो. नाहीतर प्रबंधात भर पावसाळ्यात थंडी पडायची!