रिकाम्या वर्गातले पंखे आणि डेटा सेंटरचा हिशेब

शाळेतला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. दिवाळीच्या सुटीचा आदला दिवस आहे. प्रत्येक वर्गात जेमतेम दहा-बारा मुले आली आहेत. मुख्याध्यापक तीन वर्ग एकत्र बसवायला सांगतात. दोन खोल्या रिकाम्या होतात, दोन शिक्षक पेपर तपासायला मोकळे होतात. निर्णय शहाणपणाचाच. पण संध्याकाळी लक्षात येते, की रिकाम्या खोल्यांतले पंखे-दिवे दिवसभर चालूच होते, कारण शिपाईमामांना कोणी कळवलेच नव्हते. आणि ज्या खोलीत तिन्ही वर्ग बसले तिथे दोनच पंखे, त्यामुळे मुले घामाघूम. मुले कुठे बसवायची हे ठरवणारा एक आणि बटणे ज्याच्या हाती तो दुसरा, दोघांमध्ये निरोप नाही, असा हा प्रकार.

जगातल्या डेटा सेंटरांमध्ये हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडत आला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगातील एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. संगणकांवरची कामे हलवणारी प्रणाली आणि वीज व थंडावा यांवर लक्ष ठेवणारी प्रणाली यांची सांगड घालावी, असे आता सुचवले जाते. ही सूचना आम्हाला योग्य वाटते. मात्र तिचे यश ज्या मापाने मोजले जाते ते माप सदोष आहे आणि तिच्या नावाने केले जाणारे काही दावे घाईचे आहेत. या लेखात त्यांचे परीक्षण करू.

एका यंत्रात अनेक यंत्रे

आधी आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, ही कल्पना समजून घेऊ. एका प्रत्यक्ष संगणकावर एक नियंत्रक प्रोग्रॅम बसवला, की तो त्या यंत्राची स्मृती आणि गणनशक्ती वाटून देतो आणि एकाच पेटीत अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास निर्माण करतो. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. नवे होते ते चालू आभासी संगणक न थांबवता एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवणे. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी एक चालू खेळ-सर्व्हर असा हलवून दाखवला. प्रत्यक्ष खंड पडला तो फक्त ६० मिलिसेकंदांचा. खेळणाऱ्यांना पत्ताही लागला नाही.

याचा विजेशी संबंध काय? गूगलमधील लुईझ बारोसो आणि उर्स होल्झ्ल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करतात, आणि चांगला सर्व्हरही रिकामा बसला असताना पूर्ण कामाच्या वेळच्या जवळजवळ निम्मी वीज घेतो. आता एक हिशेब करू. पूर्ण कामावर ३०० वॉट आणि रिकामा असताना १५० वॉट घेणारे पाच सर्व्हर आहेत. प्रत्येकावर १० टक्के काम आहे, म्हणून प्रत्येकी १६५ वॉट लागतात. एकूण ८२५ वॉट झाले. पाचही कामे एका सर्व्हरवर आणून बाकीचे चार बंद केले, तर तो एकटा ५० टक्के कामावर चालेल आणि २२५ वॉट घेईल. काम तेवढेच, वीज जवळजवळ पावपट!

हा फायदा कागदावरचा नाही. २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांनी केलेले संगणन सुमारे साडेसहापट झाले, पण त्यांचा वीजवापर फक्त सहा टक्क्यांनी वाढला, असा निष्कर्ष २०२० मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकातील एका लेखात मांडला गेला. त्यामागच्या कारणांत आभासी संगणकांचा वाटा मोठा होता.

प्रमाण सुधारले, बिल वाढले

सर्व्हरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ती बाहेर काढायला पंखे, पंप आणि चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रे लागतात. शिवाय यूपीएस आणि ट्रान्स्फॉर्मर यांत काही वीज वाया जाते. हा वरखर्च मोजण्यासाठी ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसमूहाने २००७ मध्ये एक माप प्रचारात आणले. त्याला पीयूई म्हणतात. इमारतीची एकूण वीज भागिले संगणकांची वीज, इतकी साधी त्याची व्याख्या. पीयूई २ असेल तर संगणकांच्या एका युनिटामागे आणखी एक युनिट वरखर्चात जाते. १ हा आदर्श. २०१६ मध्ये या मापाला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला.

या मापाचे श्रेय नाकारता येणार नाही. ते येण्यापूर्वी वरखर्चाकडे फारसे कोणी पाहतच नव्हते. पण गुणोत्तर हे गुणोत्तरच असते. अंश कमी झाला तर ते घटते, तसे छेद वाढला तरी घटते. दहावीच्या निकालाची टक्केवारी वाढवण्याचे दोन मार्ग असतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. कच्च्या मुलांना शिकवणे हा एक आणि त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणे हा दुसरा. टक्केवारीकडे पाहून मार्ग कोणता ते कळत नाही.

समजण्यासाठी एक काल्पनिक केंद्र घेऊ. संगणकांना १,००० किलोवॉट आणि वरखर्चाला ६०० किलोवॉट लागतात. एकूण १,६०० आणि पीयूई १.६. आता आभासी संगणक एकत्र आणून निम्म्याहून जास्त सर्व्हर बंद केले आणि संगणकांची वीज ६०० वर आली. पण शीतकरण सांभाळणाऱ्यांना कोणी कळवले नाही. पंखे आणि पंप पूर्वीच्याच वेगाने फिरत राहिले, म्हणून वरखर्च फक्त ४५० पर्यंत उतरला. एकूण वीज १,०५० झाली. तब्बल ३४ टक्के बचत! आणि पीयूई? १,०५० भागिले ६००, म्हणजे १.७५. वीज तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाचली, पण प्रगतिपुस्तकात केंद्र नापास.

उलटेही घडते. खोलीचे तापमान काही अंश वाढू दिले तर चिलरची वीज वाचते. पण एका मर्यादेनंतर सर्व्हरच्या पोटातले छोटे पंखे आपोआप वेगाने फिरू लागतात. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १५ टक्क्यांनी वाढला तर वीज सुमारे दीडपट होते. आपल्या केंद्रात हे छोटे पंखे आधी ८० किलोवॉट घेत होते आणि आता १२० घेतात असे समजू. त्यांची वीज ‘संगणकांची’ म्हणून मोजली जाते, त्यामुळे ती १,०४० झाली. वरखर्च ६०० वरून ५७५ वर आला. एकूण १,६१५, म्हणजे आधीपेक्षा १५ किलोवॉट जास्त. पीयूई मात्र १.६ वरून १.५५ वर ‘सुधारला’.

ही दोन्ही उदाहरणे एकाच उणिवेची आहेत. पीयूई संगणक आणि शीतकरण यांना दोन वेगळी खाती मानतो. भौतिकशास्त्रात ती वेगळी नाहीत. म्हणूनच दोन्ही प्रणाली जोडण्याचा विचार मुळात योग्य आहे. पहिल्या उदाहरणात सर्व्हर बंद झाल्याचा निरोप शीतकरणाला गेला असता, एखादा चिलर थांबवून व पंखे हळू करून वरखर्च समजा ३३० पर्यंत आणता आला असता. वाचलेले जादा १२० किलोवॉट म्हणजे दिवसाला २,८८० युनिट. ही सांगड घालण्याची खरी कमाई.

जोडणीच्या कैवाऱ्यांना तीन प्रश्न

पहिला प्रश्न उष्णतेच्या जागेचा. कामे एकत्र आणली की उष्णताही एकत्र येते. एका रॅकचा भार ४ किलोवॉटवरून १० वर गेला असे समजा. हवेचे तापमान १२ अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर ४ किलोवॉटसाठी दर सेकंदाला सुमारे ०.२८ घनमीटर थंड हवा पुरते, तर १० किलोवॉटसाठी ०.६९ लागते. समोरून तेवढी मिळाली नाही, तर सर्व्हरचे पंखे उरलेली हवा मागच्या बाजूने, म्हणजे त्यांनीच बाहेर टाकलेली तापलेली हवा, ओढून घेतात. एका वर्गात कोंबलेल्या तीन वर्गांची हीच अवस्था. काम कुठे ठेवायचे हे तापमान पाहून ठरवावे, असे मूर, चेस, रंगनाथन आणि शर्मा यांनी २००५ मध्येच एका शोधनिबंधात मांडले होते. कल्पना इतकी जुनी असताना आज ती नवलाई म्हणून विकली जाते, ही आमची तक्रार आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. आभासी संगणक काही सेकंदांत किंवा मिनिटांत हलतो, बंद सर्व्हर सुरू व्हायला काही मिनिटे लागतात आणि चिलरला स्थिरावायला त्याहून अधिक. एक रॅक तापला म्हणून प्रणालीने तिथले काम हलवले. तेवढ्यात शीतकरणानेही तिथला थंडावा वाढवला. आता तो रॅक गार आणि दुसरा गरम, म्हणून काम पुन्हा मागे. गीझरचा नळ कमी-जास्त करताना पाणी एकदा कढत आणि एकदा गार येते, तसे हे हेलकावे. दोन नियंत्रक एकमेकांना नुसते जोडून भागत नाही. कोणी किती वेळ थांबायचे हेही ठरवावे लागते. माहितीपत्रकांतल्या आकृत्यांमध्ये बाण असतात, पण त्या बाणांना किती वेळ लागतो ते लिहिलेले नसते.

तिसरा प्रश्न ‘कशाचे टक्के’ हा. २०१६ मध्ये गूगलने जाहीर केले, की डीपमाइंडच्या प्रोग्रॅममुळे शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाली. मथळ्यांत ४० हा आकडा गाजला. त्याच निवेदनात एकूण वरखर्चातील घट १५ टक्के दिली होती. एखाद्या केंद्रात संगणकांच्या १०० युनिटांमागे १२ युनिट वरखर्च असेल, तर त्याचे १५ टक्के म्हणजे १.८ युनिट. ११२ मधले १.८ म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. मोठ्या केंद्रात हीसुद्धा चांगली बचत आहे, पण ती ४० टक्के नव्हे.

उन्हाळा आला की

हा वाद केवळ बिलाचा नाही. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये तापमान प्रथमच ४० अंशांच्या पुढे गेले. त्या दिवशी लंडनमधील गाइज आणि सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटर शीतकरण कोलमडल्याने बंद पडली. एक बंद पडले तर दुसरे आहे, अशी रचना होती, पण उन्हाळा दोघांवर एकाच वेळी आला. डॉक्टरांना कागद-पेन हाती घ्यावे लागले, शस्त्रक्रिया आणि भेटीच्या वेळा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि सर्व प्रणाली पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले. दोन्ही व्यवस्था जोडलेल्या असत्या तर हे टळले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण थंडावा कमी पडू लागताच कोणती कामे आधी थांबवायची आणि कोणती शेवटपर्यंत जपायची, हे शांतपणे ठरवता येणे, हा अशा जोडणीचा वीजबचतीहून मोठा उपयोग आहे. त्याची जाहिरात फारशी होत नाही, कारण तो पीयूईत दिसत नाही.

आपल्याकडे मुंबई आणि नवी मुंबई हा देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पट्टा आहे. इथल्या दमट हवेत, थंड प्रदेशातल्याप्रमाणे बाहेरची हवा आत घेऊन संगणक गार ठेवता येत नाहीत. तेव्हा उत्तर स्वीडनमधल्या केंद्राच्या पीयूईशी इथली तुलना अन्यायाची आहे. आणखी एक अडचण मालकीची. पुष्कळ केंद्रांत इमारत एकाची आणि संगणक अनेक भाडेकरूंचे असतात. इमारतवाल्याला आतले काम दिसत नाही, भाडेकरूला चिलर दिसत नाही. निरोप न जाण्याचे कारण इथे तांत्रिक नसून कराराचे आहे, आणि ते कोणत्याही प्रोग्रॅमने दूर होणार नाही.

संशोधनातली मोठी गणिते आम्हीही दूरच्या अशा संगणकांवर चालवतो. गणिताला किती तास लागले ते कळते, पण किती युनिट लागले हे आजवर आम्हाला कोणी कळवलेले नाही. गरज संपल्यावर बंद करायचे राहून गेलेले आभासी संगणक आमच्याही नावावर असत. दिसत नसलेला खर्च कोण वाचवणार? म्हणून आमचा आग्रह असा, की केंद्रांनी पीयूईबरोबर एकूण युनिट, त्यांतून झालेले काम आणि बाहेरचे तापमान हे तिन्ही जाहीर करावे, आणि संगणक वापरणाऱ्याला त्याच्या वाट्याची वीज सांगावी.

याचा एक छोटा प्रयोग वर्गात करता येईल. शाळेची वर्षभराची वीजबिले घ्यावीत. मुलांना दर महिन्याचे एकूण युनिट आणि हजर मुलामागे युनिट अशी दोन कोष्टके करायला सांगावे. सुटीच्या महिन्यांत पहिला आकडा उतरतो आणि दुसरा बहुधा चढतो. कोणत्या महिन्यात शाळेने वीज जपून वापरली, यावर वर्गात वाद होऊ द्यावा, आणि मग शिपाईमामांनाही त्या चर्चेला बोलवावे.