टुमदार गावातले ‘तुम्ही’

मराठी प्रवासवर्णनांत ‘टुमदार’ हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचताना डोळा आता तिथे थांबतही नाही. समुद्रकाठचं गाव, रंगवलेली लाकडी घरं, अरुंद रस्ते, हसऱ्या चेहऱ्यांची माणसं, झालं टुमदार. गंमत म्हणजे त्या गावात राहणारा माणूस हा शब्द कधी वापरत नाही. स्वतःच्या गल्लीला कुणी टुमदार म्हणत नाही. हा शब्द बाहेरून आलेल्याचा, त्यातही परतीचं तिकीट खिशात असलेल्याचा.

जमैका किंकेडचं ‘अ स्मॉल प्लेस’ हे १९८८चं पुस्तक या तिकीटवाल्या माणसाला समोर बसवून बोलतं. जेमतेम ऐंशी पानं आहेत. लोकलच्या दोन फेऱ्यांत वाचून होतं, आणि पुढचे काही दिवस सुट्टीचे फोटो टाकायला जरा अवघड जातं.

गाव म्हणजे सेंट जॉन्स, कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटाची राजधानी. बेट २८१ चौरस किलोमीटरचं. आपल्याला ते क्रिकेटमुळे माहीत. व्हिव्ह रिचर्ड्स इथला. लाराचे ३७५ इथले, दहा वर्षांनी नाबाद ४०० तेही इथलेच. आणि २००२ मध्ये मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून कुंबळेने लाराला पायचीत केलं, तेही इथल्याच मैदानावर. टीव्हीवर पाहिलेलं हे गाव आपल्या पिढीच्या डोक्यात कायम उन्हात चमकतं. किंकेड सुरुवात नेमकी त्या उन्हापासून करते.

पर्यटक विमानातून उतरतो, ऊन पाहून खूश होतो. चार दिवस पाऊस पडू नये एवढीच त्याची इच्छा. बेटावरचे लोक मात्र पाऊस नाही म्हणून काळजीत असतात, कारण पिण्याच्या पाण्याची मारामार आहे. विमानतळाला पंतप्रधानाचं नाव दिलेलं. शाळेला किंवा दवाखान्याला का नाही दिलं, हा प्रश्न पर्यटकाला पडत नाही, कारण शाळा आणि दवाखाना त्याने अजून पाहिलेले नाहीत. टॅक्सी नवी, जपानी; आवाज मात्र खडखडाटी, कारण तिच्यात चुकीचं पेट्रोल भरलंय. गाड्यांसाठी कर्ज लगेच मिळतं, कारण गाड्या विकणाऱ्या कंपन्यांत मंत्र्यांची भागीदारी आहे. वाटेत एकच रस्ता गुळगुळीत लागतो, तो राणी आली होती म्हणून केलेला. हॉटेलात ‘इथलं ताजं’ म्हणून वाढलेलं जेवण मायामीहून विमानाने आलेलं. आणि तो निळा समुद्र? बेटावर सांडपाण्याची धड सोय नाही. हॉटेलच्या संडासातून गेलेलं शेवटी कुठे जातं, याचा विचार पोहताना न केलेलाच बरा.

आमच्या धंद्यात याला ‘यूजर जर्नी’ म्हणतात: तुम्ही ॲप उघडता, तुम्ही बटण दाबता, तुम्हाला हवं ते मिळतं. प्रत्येक स्क्रीनमागे काय चाललंय ते यूजरला दिसू द्यायचं नाही, यासाठी आम्हाला पगार मिळतो. किंकेड तीच जर्नी लिहिते, पण प्रत्येक टप्प्यावर मागची बाजूही उघडून दाखवते. आकडे जवळजवळ नाहीत, अहवाल नाहीत. पेट्रोल, पाणी, कोशिंबीर एवढ्यावरच तिचा युक्तिवाद उभा आहे, आणि त्यामुळे तो खोडून काढणं कठीण जातं.

ती हे लिहू शकते कारण त्या टॅक्सीत तीही बसली आहे. १९४९ साली सेंट जॉन्समध्ये जन्मलेल्या एलेन पॉटर रिचर्डसनला वयाच्या सतराव्या वर्षाच्या आत-बाहेर अमेरिकेत मुलं सांभाळण्याच्या कामावर पाठवलं गेलं. तिने पुढे नाव बदललं, ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लिहू लागली, आणि सुमारे वीस वर्षांनी बेटावर परतली. म्हणजे डॉलर कमावणारी पाहुणी म्हणून. हा मजकूर ‘द न्यू यॉर्कर’ने छापला नाही, फार संतापलेला वाटला. संताप आहेच. पण पर्यटकाच्या डोक्यात चाललेलं इतकं अचूक ऐकू येण्यासाठी आधी स्वतः पर्यटक व्हावं लागतं. निव्वळ बाहेरून केलेल्या टिंगलीत ही धार येत नाही.

आता मराठी वाचकाची अडचण. पुस्तकातला ‘यू’ हा गोरा अमेरिकन किंवा युरोपियन आहे, आणि हे ती स्पष्ट सांगते. मग आपण कुठे बसायचं? दुसऱ्या भागात ती वसाहतीच्या दिवसांबद्दल बोलते: इंग्रज दर्यावर्दींची, तिच्या लेखी गुन्हेगारांची, नावं मिरवणारे रस्ते, गुन्ह्याबद्दल बोलायला गुन्हेगाराचीच भाषा उरल्याची तक्रार, स्थानिक माणसाला फक्त नोकर म्हणून आत घेणारा मिल रीफ क्लब. हे वाचताना आपण सहज तिच्या बाजूला जाऊन बसतो. आपलंही असंच झालं, असं म्हणतो. आणि मे महिन्यात दापोलीला किंवा तारकर्लीला गेलो की ‘इथे पाऊस नाही ते बरंय’ म्हणत होमस्टेच्या मालकाने टँकरने आणलेलं पाणी दोनदा अंघोळीला वापरतो. दोन्ही खुर्च्या आपल्याच. किंकेडच्या पुस्तकात या माणसासाठी जागा नाही. १९८८ मध्ये तो फारसा फिरत नव्हता; आज तो सगळीकडे आहे.

एक तर थेट तिच्या बेटावरच जाऊन पोचला. अँटिग्वाने २०१३ पासून गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेशी संबंधित गैरव्यवहाराचा आरोप असलेले मेहुल चोक्सी यांनी २०१७ मध्ये असंच नागरिकत्व घेतलं होतं. किंकेडचं एक मध्यवर्ती निरीक्षण असं की प्रत्येक स्थानिक हा मनातून पर्यटकच असतो, पण गरिबीमुळे त्याला कुठे जाता येत नाही, म्हणून तुमची तिथून निघून जाण्याची सोय त्याला खुपते. आता बेटाचा पासपोर्टच विकाऊ आहे, आणि तो विकत घेणाऱ्याला बेटावर राहायची फारशी गरज नाही. पुस्तक जुनं झालंय म्हणणाऱ्यांनी हे एवढं पाहावं.

तिसरा भाग मला सर्वांत चांगलाही वाटतो आणि सर्वांत खटकतोही. चांगला, कारण त्यात वाचनालय आहे. १९७४च्या भूकंपात सेंट जॉन्सची जुनी लायब्ररी मोडली, दुरुस्ती लवकरच होणार अशी पाटी लागली, आणि पाटीच राहिली. लहानपणी किंकेड तिथून पुस्तकं चोरायची. चोरी म्हणून नव्हे, वाचलेलं परत द्यायचा जीव होत नसे म्हणून. त्या पिवळ्या इमारतीबद्दलची पानं पुस्तकातली सर्वांत हळवी आहेत. पण त्याच हळवेपणात तिला दिसतं की ही इमारत बांधणाऱ्यांनीच आपल्याला त्यांच्या परीकथा वाचायला दिल्या. (नवी लायब्ररी उघडली २०१४ मध्ये. चाळीस वर्षं लागली.)

खटकतो, कारण इथे ती आपल्याच लोकांबद्दल सरसकट बोलू लागते. अँटिग्वाच्या माणसांना काळाचं भान नाही, मोठी घटना आणि छोटी घटना यांतला फरक त्यांना कळत नाही, ती मुलांसारखी आहेत, वगैरे. हा सूर ओळखीचा आहे. जुन्या साहेबांच्या वृत्तांतांत तो ऐकू येतो. बेटावरच्या सीरियन आणि लेबनीज व्यापाऱ्यांवरही ती घाऊक चिडते, आणि तिथे युक्तिवादापेक्षा चीडच उरते. तिचे चाहते याला प्रामाणिकपणा म्हणतात. मला वाटतं, पर्यटकासाठी घासलेलं शस्त्र तिने न बदलता गावावर चालवलं, आणि गावाला ते जास्त लागलं, कारण गावाकडे परतीचं तिकीट नाही.

हे पुस्तक मराठीत करायचं झालं तर पहिल्याच वाक्यात अडायला होईल. इंग्रजी ‘यू’ एकच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. सहल कंपनीच्या पत्रकाची भाषा ‘तुम्ही’ची, आणि किंकेड त्या पत्रकाचाच आव आणून सुरुवात करते, म्हणून आधी ‘तुम्ही’च हवं. पण काही पानांतच ती त्या माणसाला कुरूप म्हणण्यापर्यंत येते. तिथे ‘तुम्ही’ टिकेल का? मला वाटतं टिकावं. भांडणात ‘तू’वर आलेला माणूस निदान जवळ तरी आलेला असतो, ‘तुम्ही’ म्हणून केलेला अपमान थंड आणि लांबून असतो, आणि तिचा तसाच आहे. ‘वी’चं मात्र मराठीत आपोआप भलं होतं. इंग्रजीत त्या ‘वी’मध्ये वाचक धरलाय की नाही ते ताडावं लागतं, मराठीत ‘आम्ही’ लिहिलं की दार बंद. दुसऱ्या भागात एकदाही ‘आपण’ येता कामा नये.

खरी पंचाईत शेवटच्या दीड पानाची. मालकपण सुटलं की मालक नुसता माणूस उरतो आणि गुलामी सुटली की गुलामही नुसता माणूस उरतो, अशा अर्थाचा तो शेवट आहे. इथे मालकासाठी ती ‘यू’च वापरते, पण तो आता विमानातून उतरलेला तो पाहुणा राहिलेला नाही, कुणीही असू शकतो. आणि गुलामांसाठी ‘वी’ जाऊन ‘दे’ येतं. पुस्तकभर ‘आम्ही’ म्हणणारी बाई शेवटच्या ओळींत आपल्या माणसांना ‘ते’ म्हणते. इंग्रजीत दोन वेळा वाचून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मनातल्या मनात मराठी करायला घेतलं तेव्हा आलं. तिथे ‘ते’ तसंच ठेवावं लागेल. ‘यू’चं काय करायचं ते अजून ठरत नाही. ‘तुम्ही’ लिहिलं तर पुन्हा टॅक्सीतला पाहुणाच आठवतो. सध्या कच्च्या खर्ड्यात तिथे मी ‘तू’ लिहून ठेवलंय.