आंदणातली राणी

मुंबईच्या इतिहासकथनात ब्रागांझाची कॅथरिन येते ती ‘आंदण’ या एका शब्दापुरती. आंदण म्हटले की भांडीकुंडी, गायवासरू डोळ्यांसमोर येते. १६६१ च्या तहातील राजकीय सौदा या घरगुती शब्दाआड लपतो. उत्तनकडून पाहिले तर तो उघडा पडतो. इंग्रजांनी साष्टीवरही हक्क सांगितला, पोर्तुगीजांनी तो नाकारला. साष्टीच्या टोकावरचे उत्तन १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. वादात वधूचा संबंध नाममात्रच. कॅथलिक असल्याने तिचा इंग्लंडमध्ये राज्याभिषेकही झाला नाही. ‘राणी’ हे पद केवळ विवाहाने आले. मात्र १७०४-०५ मध्ये पोर्तुगालची राजप्रतिनिधी म्हणून तिने राज्य चालविले. ही कॅथरिन आंदणाच्या कथेत मावत नाही, म्हणून वगळली जाते.