नाही म्हणणारा दुसरा माणूस

नाताळच्या सुट्टीत मुले घरी आली की आमच्याकडे एक संध्याकाळ जुने कार्यक्रम पुन्हा बघण्यात जाते. या वेळी थोरलीने डेरन ब्राउनचा ‘पुश्ड टू द एज’ लावला. चॅनेल फोरने तो जानेवारी 2016 मध्ये दाखवला होता आणि 2018 मध्ये ‘द पुश’ या नावाने तो नेटफ्लिक्सवर आला. कार्यक्रम संपला तेव्हा कोणी काही बोलेना. मग थोरलीनेच विचारले, “बाबा, तुम्ही ढकललं असतं का हो?” मी ‘छे छे’ म्हणायच्या आत ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “ढकलायचं राहू दे. त्या पाट्या लावल्या असत्या का, ते विचार त्यांना.”

ज्यांनी कार्यक्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका तरुण उद्योजकाला धर्मादाय कामासाठी भरवलेल्या लिलावाच्या समारंभाला बोलावले जाते. तिथले यजमान, पाहुणे, नोकर सगळे नट आहेत आणि जागोजागी कॅमेरे दडवले आहेत, हे त्याला ठाऊक नाही. सुरुवातीला एक फुटकळ काम येते. शाकाहारी पदार्थ आलेलेच नाहीत, तेव्हा या मांसाच्या सॉसेज रोल्सवरच ‘शाकाहारी’ अशा पाट्या टोचून दे. तो देतो. तासाभरात एक धनाढ्य देणगीदार कोसळून ‘मरतो’, आणि आता प्रेत लपवायचे, त्या माणसाचे सोंग घ्यायचे, अशी एकेक पायरी चढत गडी गच्चीवर पोचतो. तिथे ‘मेलेला’ जिवंत निघतो आणि आजूबाजूचे सांगतात की तुरुंगातून वाचायचे असेल तर याला खाली ढकल. हा तरुण शेवटी नाही म्हणतो. पण हाच प्रसंग आणखी तिघांवर बेतला होता आणि त्या तिघांनीही ढकलले, हे आपल्याला अखेरच्या काही मिनिटांत कळते. पडणाऱ्याला अर्थातच दोर बांधलेला होता.

लोकांच्या नकळत त्यांचे चित्रण करून हसण्याची या देशाची हौस जुनी आहे. आयटीव्हीवर ‘कँडिड कॅमेरा’ 1960 मध्ये सुरू झाला. इंजिनच नसलेली गाडी गॅरेजात नेऊन मेकॅनिकची त्रेधा बघण्याचा त्यातला प्रसंग पुढे कित्येक वर्षे लोक आठवून हसत. आपल्यापैकी जे ऐंशीच्या दशकात इथे आले त्यांना ‘बीडल्स अबाउट’ नक्की आठवेल. तो 1986 ते 1996 असा दहा वर्षे चालला. जेरेमी बीडल वेषांतर करून एखाद्याचा पार तोल जाईपर्यंत छळ मांडायचा आणि मग खोटी दाढी काढून समोर उभा राहायचा. आपल्याकडे याला ‘मामा बनवणे’ असा नेमका शब्द आहे. मामा बनलेला माणूस ओशाळून हसायचा, आपणही हसायचो. मनुष्यस्वभावाचा शोध लावल्याचा आव बीडलने कधी आणला नाही.

ब्राउनचे तसे नाही. सामाजिक दबावाखाली साधा माणूस खून करील काय, असा प्रश्न तो मांडतो. म्हणजे करमणुकीबरोबर तो निष्कर्षही विकतो, आणि निष्कर्ष विकणाऱ्याचा माल तपासून घेतलाच पाहिजे.

पहिली तपासणी निवडीची. उमेदवारांना एका खोलीत बसवले होते. घंटा वाजली की आधीपासून पेरलेले नट उठत आणि पुन्हा वाजली की बसत. जे विनाकारण तसेच उठू-बसू लागले त्यांच्यातून हे चौघे निवडले गेले. तुमची निवड झालेली नाही, असेच त्यांना सांगितले होते. वाकणारी माणसे वेचून घ्यायची आणि मग चारांतले तीन वाकले म्हणून सगळ्या मनुष्यजातीबद्दल हळहळायचे, हा कुठला हिशेब? ब्राउन ही निवड लपवत नाही, हे मान्य. पण शेवटचे दृश्य बघताना ती घंटा कोणाच्या लक्षात राहते?

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या साऱ्याच्या मुळाशी स्टॅन्ली मिलग्रॅमचे प्रयोग आहेत. येल विद्यापीठात 1961 मध्ये त्याने सामान्य माणसांना एका अनोळखी माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या, 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. ब्राउनने स्वतः 2006 मध्ये ‘द हाइस्ट’ या कार्यक्रमात हा प्रयोग पुन्हा करून दाखवला होता. सव्वीसचा हा आकडा पुष्कळांना पाठ असतो. मात्र मिलग्रॅमने हाच प्रयोग निरनिराळ्या प्रकारे करून पाहिला होता, ते फारसे सांगितले जात नाही. एका प्रकारात झटके देणाऱ्याच्या जोडीला आणखी दोघे बसवले होते, आणि ठरल्याप्रमाणे ते दोघे मध्येच ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून उठले. त्या वेळी शेवटपर्यंत गेले चाळीसपैकी फक्त चार.

आता पुन्हा त्या समारंभाकडे पाहा. तिथे ‘अरे, हे बरोबर नाही’ असे म्हणणारा एकही माणूस ठेवलेला नाही. सगळे एकाच बाजूचे. तेव्हा या कार्यक्रमाने सिद्ध काय केले? चहूबाजूंनी घेरलेला एकटा माणूस चुकू शकतो, एवढेच. ब्राउनच्या समारोपाचा आशय असा की आपण कसे वाकवले जातो हे कळले तर आपण ताठ उभे राहू शकतो. म्हणजे इलाजही पुन्हा एकट्यानेच करायचा. दुसऱ्या माणसाची जागा त्याच्या विचारात कुठे दिसत नाही, ही मला या कार्यक्रमातली मोठी उणीव वाटते.

हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. या देशातल्या माझ्या पहिल्या नोकरीत यंत्रांच्या चाचणीचे तक्ते भरण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा साहेब म्हणाले, चाचणी राहून गेली, तू मागची तारीख टाक. मी टाकली. नवा माणूस, वर्क परमिट त्यांच्या हातात, गावाकडे पैसे पाठवायचे. कारणे तयारच होती. पुढच्या महिन्यात दुसरा तक्ता, मग तिसरा. चौथ्या वेळी माझ्या शेजारच्या टेबलावरचा वेल्श सहकारी शांतपणे म्हणाला, “मी यावर सही करणार नाही.” आवाज चढवला नाही, भाषण केले नाही. आणि काय आश्चर्य, मागोमाग माझ्याही तोंडून ‘मीही नाही’ असे निघाले. ते धैर्य माझे नव्हते, त्याच्याकडून उसने आणलेले होते. पण त्या दिवशी कामाला आले.

परक्या देशात आपण सारेच कमीजास्त त्या घंटेवर उठलो-बसलो आहोत. सगळे हसले की विनोद न कळताही हसलो. आपल्या नावाची मोडतोड खपवून घेतली. यातले बरेचसे निरुपद्रवी होते. पण सॉसेज रोलवरची पाटीही निरुपद्रवीच दिसते. ‘शाकाहारी आहे, खा’ असे कोणी आश्वासन दिले की आपल्यातली कितीतरी माणसे डोळे झाकून खातात. त्यांचा तो विश्वास आपण मोडतो आहोत, हे त्या तरुणाच्या मनात आले असते आणि शेजारच्या एकाने जरी भुवई उंचावली असती, तर कार्यक्रम तिथेच आटोपला असता.

कार्यक्रम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. रचना विलक्षण चोख आहे, आणि नकार देणारा तरुण घामाघूम होऊन मान हलवतो तेव्हा आपल्याही छातीवरचे ओझे उतरते. मुलांबरोबर जरूर पाहा. फक्त पाट्यांचा प्रसंग आला की जरा थांबवा आणि त्यांना विचारा, इथे तुमच्या शेजारी कोण उभे असायला हवे होते?

थोरलीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री दिले. गच्चीवर मी बहुधा ढकलले नसते. पाट्या मात्र लावल्या असत्या. “म्हणूनच विचारलं,” ही म्हणाली, आणि चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.