'ऑक्टोपसी' आणि आपला प्रेक्षक : एका हेरपटाविषयीच्या अभिप्रायांची चिकित्सा

जेम्स बाँड या व्यक्तिरेखेवर इऑन या निर्मितिसंस्थेने काढलेल्या मालिकेतील तेरावा चित्रपट 'ऑक्टोपसी' १९८३ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉन ग्लेन, नायक रॉजर मूर. कथानकाचा मोठा भाग भारतात घडतो आणि त्यातील बरेचसे चित्रण उदयपूर येथे झाले आहे. त्यामुळे अन्य बाँडपटांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणारा आपला प्रेक्षक या चित्रपटाविषयी मात्र काही एक मत बाळगून असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील मराठी प्रेक्षकाच्या बोलण्यातून जे अभिप्राय सामान्यतः ऐकू येतात, त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे सर्वेक्षण नव्हे. येथे टक्केवारी वा तक्ते नाहीत. प्रश्न वेगळाच आहे. महाविद्यालयात चित्रपट-रसास्वादाचा विषय शिकविताना विद्यार्थ्याने लिहिलेले 'मजा आली' हे वाक्य आपण लाल शाईने खोडतो आणि त्या जागी समीक्षकांची परिभाषा लिहावयास सांगतो. असे करताना आपण नेमके काय खोडतो, याचा विचार व्हावयास हवा.

या भागातील प्रेक्षकाची पार्श्वभूमी प्रथम लक्षात घेतली पाहिजे. ठाण्याचे मल्हार किंवा वंदना, डोंबिवलीचे गोपी ही चित्रपटगृहे मुख्यतः हिंदी आणि मराठी चित्रपटांची. इंग्रजी चित्रपट नवा असताना पाहावयाचा तर लोकल पकडून मुंबईस रीगल, इरॉस, स्टर्लिंग अशा ठिकाणी जाणे आले, आणि रात्रीचा खेळ असेल तर शेवटच्या गाडीची चिंताही आली. बाँडपट पाहणे हा त्या काळी एक लहानसा प्रवासच होता. पुढे व्हिडिओ कॅसेटचे युग आले. त्यानंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि १९९४ साली 'ज्युरासिक पार्क'च्या हिंदी आवृत्तीला मिळालेल्या यशानंतर हॉलिवूडचे चित्रपट हिंदी बोलू लागले. एकच चित्रपट तीन पिढ्यांनी तीन निरनिराळ्या रीतींनी पाहिला. वडिलांनी तो मोठ्या पडद्यावर, संवाद अर्धेमुर्धे समजून घेत पाहिला. मुलाने तो जाहिरातींच्या तुकड्यांसह घरी पाहिला. नातवाने तो मोबाइलवर, बहुधा पाठलागाच्या दृश्यांपुरताच पाहिला. या तिघांचा अभिप्राय एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

'आपल्या देशाची टिंगल केली आहे' हा अभिप्राय शिक्षित वर्गात सर्वाधिक प्रतिष्ठित आहे, आणि तो निराधार नाही. पडद्यावर ताजमहाल दिसतो आणि पाठोपाठ उदयपूर येते, जणू आग्रा आणि उदयपूर यांच्यामध्ये एखादा नाकाच काय तो असावा. बाजारात गारुडी, निखाऱ्यांवरून चालणारा, खिळ्यांच्या शय्येवरचा साधू, तलवार गिळणारा असे सारे एकाच गल्लीत हजर असतात. खलनायक कमाल खान हा देशोधडीला लागलेला अफगाण राजपुत्र. ती भूमिका लुई जुर्दाँ या फ्रेंच नटाने केली आहे. त्याच्या मेजवानीत पाहुण्यांपुढे मेंढ्याचे मुंडके येते. जुगारात जिंकलेल्या नोटा भारतीय सहकाऱ्याच्या हाती ठेवताना बाँड जो शेरा मारतो, त्यात एका संपूर्ण समाजाचे जगणे ताटातल्या रश्श्यापुरते उरते.

या टिंगलीचा उगम शोधताना दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. इयान फ्लेमिंगच्या 'ऑक्टोपसी' या मूळ कथेत भारत नाही. ती जमैकात घडते. भारत आला तो पटकथेत, आणि पटकथालेखकांपैकी एक जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर हे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले आणि वसाहतकालीन लष्करी पार्श्वभूमीवरील 'फ्लॅशमन' कादंबऱ्यांचे कर्ते. दुसरी गोष्ट काळाची. १९८२ चा 'गांधी', १९८३ चा 'हीट अँड डस्ट', १९८४ चा 'अ पॅसेज टू इंडिया' आणि त्याच वर्षीची 'द ज्युएल इन द क्राउन' ही दूरदर्शन-मालिका पाहता ब्रिटनला गतसाम्राज्याची आठवण अनावर होण्याचाच तो काळ होता, हे ध्यानात येते. सलमान रश्दी यांनी १९८४ मध्ये या लाटेवर कठोर टीका केली. एडवर्ड सैद यांचे 'ओरिएंटॅलिझम' त्यापूर्वी, १९७८ सालीच आले होते. तेव्हा आजचा अध्यापक 'ऑक्टोपसी'कडे पाहून 'पौर्वात्यवादी प्रतिमानिर्मिती' असा शेरा देतो, त्यामागे भक्कम आधार आहे.

परंतु हा शेरा देऊन झाल्यावरही चित्रपट शिल्लक राहतो. सर्वसामान्य प्रेक्षक ज्या ठिकाणी हसतो, त्या ठिकाणी अध्यापक थांबतच नाही. रिक्षाच्या पाठलागाचे दृश्य घ्यावे. पाश्चात्त्य प्रेक्षकाला तीनचाकी रिक्षा हेच एक विनोदी वाहन वाटते. तेथे विनोद वाहनाचा आहे. कल्याण वा डोंबिवली स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहणारा माणूस हसतो तो वेगळ्या कारणासाठी. रिक्षा काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याचा त्याला रोजचा अनुभव असतो. 'एवढी पळाली असती तर आम्ही वेळेवर गाडी पकडली नसती का?' अशा धाटणीचा त्याचा शेरा असतो. त्याचे हसू स्वतःच्या देशावर नाही, ते चित्रपटकर्त्याच्या अज्ञानावर आहे. टिंगलीचा रोख येथे उलटा फिरतो. ज्याची थट्टा करावयाची तोच थट्टा करणाऱ्याला हसू लागतो, हे पुस्तकी चौकटीत सहजासहजी बसत नाही, म्हणून ते बहुधा नोंदलेच जात नाही.

त्याच दृश्यात विजय अमृतराज आहेत. त्यांच्या पात्राचे नावही विजय. ते प्रथम दिसतात गारुड्याच्या वेषात, पुंगीवर बाँडची धून वाजवताना. पाठलागात ते टेनिसच्या रॅकेटने गुंडांना झोडपतात आणि रस्त्यावरची गर्दी टेनिसचा सामना पाहावा तशी डावी-उजवीकडे माना वळवते. हा विनोद समजण्यासाठी खेळाडू ओळखीचा असावा लागतो. १९७४ साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन त्याने चषकावर पाणी सोडले. अमृतराज त्या संघात होते. हे ज्या प्रेक्षकाला आठवते, त्याला हा खेळाडू साहेबाचा हरकाम्या म्हणून पाहताना अवघडल्यासारखे होते. ज्याला आठवत नाही तो रॅकेटवर खूश होतो. पुढे त्या विजयची हत्या होते. बाँडला क्षणभर वाईट वाटते आणि कथा पुढे सरकते. टिंगलीविषयी बोलणारे लोक गारुडी आणि मुंडके यांचा उल्लेख हटकून करतात, पण या मृत्यूचा क्वचितच करतात. माझ्या मते चित्रपटाचा खरा दोष येथे आहे. गारुडी दाखविणे हे अज्ञान म्हणता येईल. पण ज्याच्याशी प्रेक्षकाचे सूत जुळले आहे त्या माणसाचे मरण इतक्या घाईने उरकणे हा पटकथेचा निर्दयपणा आहे. गोविंदाच्या भूमिकेतील कबीर बेदी यांच्या वाट्याला निदान मुठीत फासे चुरडण्याचा रुबाब तरी आला आहे.

तिसरा अभिप्राय सर्वांत साधा दिसतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो असा : 'हा कसला हेर? हा तर स्वतःचे नाव सांगत हिंडतो.' हे ऐकून इंग्रजीचे अध्यापक हसतात. शैलीकृत करमणूकपटाकडून वास्तवाची अपेक्षा करणे बाळबोध आहे, असे म्हणतात. वस्तुतः हा अभिप्राय वास्तवाच्या अपेक्षेतून आलेलाच नाही. तो हेर या शब्दाच्या आपल्याकडील अर्थातून आला आहे. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त गूढपुरुषांचे प्रकार सांगितले आहेत : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस. प्रत्येकाचे दुसरे एक रूप आहे. कोणी विद्यार्थी, कोणी व्यापारी, कोणी तपस्वी. मराठी मनात या परंपरेला बहिर्जी नाईक यांचे नाव आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. त्या इतिहासाच्या खुणा दुर्गाडीच्या रूपाने रोज पाहणाऱ्या कल्याणकराला हेर म्हणजे वेषांतर, हेर म्हणजे न ओळखला जाणारा माणूस, हे वेगळे शिकवावे लागत नाही. 'फर्जंद' (२०१८) आणि 'फत्तेशिकस्त' (२०१९) या मराठी चित्रपटांत बहिर्जींना जे स्थान मिळाले, ते याच समजुतीवर उभे आहे. याउलट बाँडचे सारे आकर्षण ओळखले जाण्यात आहे. शत्रूला त्याचे नाव ठाऊक असते, हॉटेलला ठाऊक असते, मद्य देणाऱ्यालाही ठाऊक असते. जॉन ल कारे यांच्यासारख्या हेरकथाकारानेही बाँडला हेर मानण्यास नकार दिला होता. डोंबिवलीचा प्रेक्षक तोच आक्षेप ल कारे न वाचता घेतो.

हिंदी चित्रपटाने या पेचातून स्वतःपुरती वाट काढली. रविकांत नगाइच यांचा 'फर्ज' (१९६७) हा 'गूढचारी ११६' या तेलुगू चित्रपटावर आधारलेला. त्यात जितेंद्रचा एजंट ११६ बाँडसारखाच मिरवतो, गातो, पण चित्रपटाचे नावच त्याला कर्तव्याशी बांधून ठेवते. रामानंद सागर यांचा 'आँखें' (१९६८), राजश्रीचा 'एजंट विनोद' (१९७७), नगाइच यांचाच मिथुन चक्रवर्तीला घेऊन केलेला 'सुरक्षा' (१९७९) ही त्याच वाटेवरची पावले. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि गुरुनाथ नाईकांचे नायक वाचनालयातून घरी आणणाऱ्या मराठी वाचकाला हे मिश्रण अपरिचित नव्हते. या प्रेक्षकाने 'ऑक्टोपसी' पाहिला तेव्हा त्याच्यापाशी तुलनेची मापे तयार होती. ती विद्यापीठीय नव्हती, एवढेच.

गंमत अशी की, नेमक्या या चित्रपटात बाँड पुनःपुन्हा सोंगे घेतो. आरंभीच तो एका लॅटिन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या वेषात आहे. उदयपूरच्या तलावात तो मगरीच्या आकाराच्या नौकेतून पोहोचतो. सर्कशीच्या आगगाडीत गोरिलाच्या कातड्यात दडतो. आणि अखेरीस विदूषक होतो. 'हा कसला हेर' असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाने या शेवटच्या सोंगाकडे पुन्हा पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे. चित्रपटाच्या प्रारंभी ००९ हा हेर पूर्व बर्लिनमध्ये विदूषकाच्याच वेषात मारला जातो. शेवटी बाँड तोच वेष चढवतो. पश्चिम जर्मनीतील अमेरिकी हवाई तळावर सर्कशीचा खेळ चालू आहे. जनरल ऑर्लोव्ह या युद्धखोर सोव्हिएत सेनानीने तेथे अणुबाँब ठेवला आहे, कारण तो स्फोट अमेरिकेच्याच बाँबचा अपघात समजला गेला तर युरोप निःशस्त्रीकरणाची मागणी करील, असा त्याचा हिशेब आहे. रंगवलेल्या तोंडाने बाँड अमेरिकी सेनापतीला सांगतो की येथे बाँब आहे. प्रेक्षागार हसते. संपूर्ण मालिकेत आपल्या नावाच्या जोरावर सर्वत्र प्रवेश मिळविणारा हा माणूस प्रथमच बिननावाचा झाला आहे, आणि नेमके याच वेळी तो जे सांगतो आहे ते जिवावरचे सत्य आहे. ऑक्टोपसी बंदुकीने कुलूप उडवते, तेव्हा कोठे बाँब सर्वांच्या नजरेस पडतो.

हा प्रसंग मराठी प्रेक्षकाला अधिक भिडावयास हवा. तमाशातील सोंगाड्या खरे बोलतो आणि लोक हसतात, ही रीत आपल्याला नवी नाही. बहुरूपी दारात येऊन पोलिसाचा दरारा दाखवतो तेव्हा आपण हसतो, पण क्षणभर दचकतोही. सर्कस तर महाराष्ट्राच्या घरचीच. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपल्या सर्कशीचा पहिला खेळ मुंबईत केला आणि पुढे सांगली-तासगाव परिसरातून किती तरी तंबू देशभर गेले. पाश्चात्त्य समीक्षेत रॉजर मूरच्या विदूषकी वेषाची पुष्कळदा कुचेष्टा झाली आहे. नायकाची प्रतिष्ठा घालविल्याची तक्रार आहे. ही तक्रार मला अमान्य आहे. प्रतिष्ठा गेली म्हणूनच तो प्रसंग चित्रपटातील सर्वांत ताणलेला झाला आहे. जेथे नायक विमानाला बाहेरून लटकतो, तेथे त्याला काही होणार नाही हे आपल्याला माहीत असते. विदूषकाच्या वेषात मात्र त्याचे कोणी ऐकेल की नाही, हे खरोखरच ठाऊक नसते.

भारतापुरती चर्चा अडकल्यामुळे हा भाग आपल्याकडे दुर्लक्षित राहिला. १९८४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'शी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. त्या चित्रपटाला भारतात चित्रणाची परवानगी मिळाली नाही, तो श्रीलंकेत चित्रित झाला आणि काही काळ भारतात त्यावर बंदीही होती. त्यातील विकृतीकरण कथेच्या गाभ्यात आहे. ते वजा केले तर कथाच उरत नाही. 'ऑक्टोपसी'तील गारुडी आणि साधू वजा केले तरी विदूषक आणि बाँब उरतात. दोन्ही चित्रपटांना एकाच शेऱ्याने निकालात काढणाऱ्या लेखनात हा फरक पुसला जातो, आणि विद्यार्थीही मग तो पुसूनच उत्तरे लिहितात.

उरला 'मजा आली' हा अभिप्राय. त्याविषयी फार लिहावे असे नाही. मात्र विद्यार्थ्याने तो लिहिला की खोडण्याऐवजी एकच प्रश्न विचारून पाहावा : कोठे आली? उत्तर रिक्षाचे आले तर त्याच्याशी रिक्षाविषयी बोलता येते, रॅकेटचे आले तर १९७४ विषयी. आणि एखाद्याने विदूषकाचे नाव घेतले, तर त्या तासाला पाठ्यपुस्तक मिटून ठेवण्यास हरकत नसावी.